एमबीए कुठून करू, सर?

आमच्या जालन्यात माणूस बियाण्याची पिशवी घेताना चार दुकानं पालथी घालतो. बोअर पाडायचा तर तीन पाणाड्यांना बोलावतो. म्हशीचं तर विचारूच नका. तिचे दात, कास, चाल सगळं बघून वर आधीच्या मालकाच्या गावात चौकशी करून येतो. पण चाळिशीला टेकलेल्या याच माणसाला एमबीए करायची झाली, की ज्याचा फोन आधी आला त्याच्याकडे नाव घालून मोकळा होतो. हे मी ऐकीव सांगत नाही. एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र जुन्या जालन्यातल्या आमच्या महाविद्यालयात होतं आणि ते मी सतरा वर्षं सांभाळलं.

नोकरी वाणिज्य शिकवण्याची. केंद्र हे वरचं काम. अभ्यासकेंद्र म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही, म्हणून सांगतो. विद्यापीठ लांब असतं. ते पुस्तकं पाठवतं, परीक्षा घेतं आणि पदवी देतं. मधल्या सगळ्या भानगडींसाठी गावात एक माणूस लागतो. फॉर्म भरून घ्यायचे, रविवारी तास लावायचे, हॉल तिकीट आलं नाही म्हणून रडकुंडीला आलेल्याला पाणी द्यायचं, ही माझी कामं. ग्रंथालयाच्या जिन्याखाली मला एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि तीन खुर्च्या मिळाल्या होत्या.

त्या खुर्च्यांवर बसणारे बहुतेक बियाणे कंपन्यांतले नाहीतर रोलिंग मिलमधले. अधूनमधून बँकेतले, आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून एसटीने येणारे, ज्यांना गाळपाच्या दिवसांत रविवारच नसायचा. सगळ्यांचं दुखणं एकच. पंधरा-वीस वर्षं काम करून हात बसलेला असतो, आणि एके दिवशी पदवीवाला नवा माणूस येऊन डोक्यावर बसतो. मग हे माझ्याकडे येत आणि विचारत, "एमबीए कुठून करू, सर?"

पर्याय तीन असत. एक आमचं दूरशिक्षण: घरी वाचा, रविवारी या, परीक्षा द्या. दुसरा संभाजीनगरचा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम. शिकवणं चांगलं, पण हजेरी सक्तीची. तिसरा ऑनलाइन, मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाचा, ज्याचे फोन जेवताना येतात. मी आधी एकच विचारायचो, "डिग्री कशाला पाहिजे?" बढतीसाठी पाहिजे असेल तर तुमची कंपनी कोणती डिग्री मानते ते लेखी आणा. शिकायसाठी पाहिजे असेल तर संभाजीनगरला जा. भावकीतल्या कुणीतरी केली म्हणून पाहिजे असेल तर घरी जा.

या प्रश्नाचा मला फार अभिमान होता. एक बँक अधिकारी आले, दिवसभर लाखांचे व्यवहार बघणारे, आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ज्यात गणित न्हाई अशी एमबीए आहे का?" मी त्यांना परत पाठवलं, तर पुढच्या वर्षी गणिताचा क्लास लावून आले. मोंढ्यातले एक धान्याचे व्यापारी अर्धा तास बसून अभ्यासक्रम ऐकत राहिले. माल किती भरावा, गिऱ्हाईक कसं टिकवावं, नोकर कसे सांभाळावेत, मी वाचत गेलो. शेवटी ते म्हणाले, "हे तर मी तीस वर्षांपासून करून राह्यलो. मला शिकवू नका, नुसती परीक्षा घ्या." शिक्षण दहावी, प्रवेश देता येईना. मी त्यांना एका रविवारी साठवणुकीवर तास घ्यायला बोलावलं. आमच्या केंद्राचा तो सगळ्यात गर्दीचा तास होता.

आता लबाडी पण सांगतो. प्रवेश ठरावीक आकड्याच्या खाली गेले की विद्यापीठ केंद्र बंद करतं. त्यामुळे माझा सल्ला कुठूनही निघाला तरी शेवटी आमच्याच केंद्राच्या दारात येऊन उभा राहायचा. सात-आठ मिनिटं तटस्थपणे तिन्ही पर्याय सांगायचो आणि मग म्हणायचो, "तसं बघितलं तर आपल्याकडं काय वाईट आहे?" लोक ऐकायचे. मास्तर सांगतोय म्हटल्यावर का ऐकणार नाहीत?

कावेरी खरात यांनी ऐकलं नाही.

त्या एका बियाणे कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. वय एक्केचाळीस. माहेर कुंभार पिंपळगावकडचं. आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे, वडिलांनी एका जागी बसून शेती केली आणि या कृषी पदवीधर झाल्या. कंपनीच्या बीजप्रक्रिया केंद्राचे मॅनेजर अडीच-तीन वर्षांत निवृत्त होणार होते. ती जागा खरात मॅडमची, असं सगळे धरून चालले होते. पण कारभार आता मालकांच्या मुलाने हातात घेतला होता, आणि मॅनेजरला एमबीए पाहिजे, असा त्याने नियम केला होता.

"सर, मी संभाजीनगरला दोनदा जाऊन आल्ते," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "ऑनलाइनवाल्याचे दिवसातून चार फोन यायचे. तिसरं तुमचं. तिन्हीतलं एक घ्यायचंय."

मी माझी सात-आठ मिनिटं सुरू केली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"हे सगळं पुस्तिकेत हाये," त्या म्हणाल्या. "मला नमुना बघायचाय."

"कसला नमुना?"

"आमच्याकडं पोतं आलं की मी तोंडाचा माल बघत न्हाई. तोंडाशी चांगलाच दाणा असतोय. टोकदार नळी असते, ती खुपसून वरचा, मधला अन् तळाचा दाणा काढायचा. चारशे दाणे ओल्या कागदात ठेवायचे अन् मंग मोजायचं, उगवले किती अन् न्हाई उगवले किती. न्हाई उगवलेलेच जास्ती सांगतेत. कुजला का, कडक राह्यला का, का कोंबच वाकडा आला." त्यांनी पिशवीतून वही काढली. "मला तुमच्याकडं नाव घातलेले नोकरीवाले पाहिजेत. पास झालेले बी अन् राह्यलेले बी."

संभाजीनगरवाल्यांकडे हेच मागितल्यावर त्यांनी पहिल्या आलेल्यांच्या फोटोंची गुळगुळीत पुस्तिका दिली होती. ऑनलाइनवाल्याला विचारल्यावर त्याचे फोन येणंच बंद झालं. तेवढा एक फायदा झाला, असं त्या म्हणाल्या.

मी हुशारी केली. विचारून कळवतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या मार्कांनी पास झालेल्या पाच जणांना आधी मी फोन केला, मग त्यांचे नंबर मॅडमना दिले. त्या शनिवारी परत आल्या.

"पाचातले दोघं तुमच्याच कॉलेजातले हायेत, सर. अन् पाचही जण एकच बोलले, शब्दाला शब्द. हा तोंडाचा माल झाला."

मला राग आला. माझा राग तसा कॉलेजात प्रसिद्ध होता. "बाई, हे महाविद्यालय आहे. मोंढा नाही."

"मोंढ्यात तर नमुना बघू देतेत, सर."

शेजारच्या टेबलावरचा ग्रंथपाल खाली मान घालून हसला, ते मला दिसलं. मॅडम हसत नव्हत्या. वही मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "मला एकच बार हाये. ह्या वयात अडीच वर्षं घातली अन् ते वाया गेलं तर दुसऱ्यांदा करायची ताकद माझ्यात न्हाई. अन् ती खुर्ची एकदा भरली की मी रिटायर होईपर्यंत रिकामी व्हायची न्हाई. दुसरं कुणी तिथं बसलं तर मी त्याच्या हाताखाली काम करीन, करावंच लागेल. पण मी नमुना न बघता चुकले, असं मला व्हायला नको."

माझ्या सतरा वर्षांत इतक्या सरळ कुणी आपली अडचण सांगितली नव्हती, आणि मी त्यांना पाच पढवलेले साक्षीदार दिले होते. लाज वाटली.

परस्पर नंबर देणं योग्य नव्हतं. म्हणून ठरलं की मीच फोन लावायचा, काय आहे ते सांगायचं, आणि समोरचा हो म्हणाला तरच मॅडमनी बोलायचं. तीन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, म्हणजे आतापर्यंत सगळे पास व्हायला हवे होते अशी. त्यातले नोकरी करणारे तेवढे घेतले. "दर पाचवं नाव," त्या म्हणाल्या. "तुम्ही बी निवडू नका, मी बी निवडत न्हाई." बारा नावं झाली. फोन लावून होईपर्यंत दोन रविवार गेले.

बारापैकी चार पास झाले होते. एकाची बदली झाली म्हणून सुटलं, एकीला जुळं झालं म्हणून सुटलं. उरलेले सहा. मी इतकी वर्षं समजत होतो की जे राहतात ते आळसाने राहतात. वार्षिक बैठकीत प्राचार्यांना तसं सांगतही होतो. फोन स्पीकरवर ठेवून मॅडमनी प्रत्येकाला एकच विचारलं, "कुठं अडलं?" सहाही जणांचे सगळे पेपर निघाले होते. सहाही जण प्रकल्पाला अडले होते.

प्रकल्प म्हणजे शेवटची पायरी. आपल्या कामातला एक प्रश्न घ्यायचा, त्यावर अहवाल लिहायचा. पण त्याआधी आराखडा मंजूर व्हावा लागतो आणि त्यावर मार्गदर्शकाची सही लागते. मी सगळ्यांना सांगायचो, मार्गदर्शक शोधा, सही आणा. ते आराखडे माझ्या कपाटात खालच्या खणात पडून राहायचे.

त्या सहांपैकी शेवटच्या फोनवर गौतम साळवे होते, रोलिंग मिलमधले शिफ्ट सुपरवायझर. मागे मिलचा खडखडाट ऐकू येत होता. ते जरा बाजूला गेले आणि म्हणाले, "मी तीनदा आल्तो ना सर तुमच्याकडं. तुम्ही म्हणले, गाइड आणा. गाइड कुठं भेटतो ते मी कुणाला विचारायचं होतं? आमच्या घरात मी पहिलाच."

फोन ठेवल्यावर मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सर, गाइड कुणाला होता येतं?"

"मान्यताप्राप्त प्राध्यापक पाहिजे. दहा वर्षं शिकवलेला."

"तुम्हाला किती झाले?"

सव्वीस वर्षं झाली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी उत्तराची वाटही बघितली नाही. केंद्र मिळालं तेव्हा पहिल्याच तुकडीतल्या एकाचा मी मार्गदर्शक झालो होतो. त्याचा अहवाल उतरवलेला निघाला आणि विद्यापीठाने मला बोलावून चार लोकांत झापलं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही आराखड्यावर सही केली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ताक पिणंच सोडलं, आणि तहानलेले मात्र दुसरेच राहिले. नियम असा काही नव्हताच. माझी भीती होती आणि तिला मी नियमासारखं वागवत आलो होतो.

मला वाटलं, बाई आता उठतील आणि संभाजीनगरचा फॉर्म भरतील. मी स्वतःच म्हणालो, "तुम्ही तिकडंच घ्या. मी तुम्हाला इकडं घ्या म्हणणार नाही."

"तिकडं हजेरी सक्तीची हाये. एप्रिल-मेमध्ये बियाणं बाहेर पडतंय, तेव्हा आमच्याकडं रविवार नसतोच. अन् त्यांनी नमुना दाखवला न्हाई." त्यांनी वही बंद केली. "मी इथंच घेते."

"बारातले चार बघूनसुद्धा?"

"सर, ज्या लॉटचा दोष कळला त्याचं काहीतरी करता येतं. चाळता येतो, वाळवता येतो. ज्याचा नमुनाच काढू देत न्हाईत तो लॉट मी कंपनीत घेत न्हाई. तुमच्याकडं आठ न्हाई उगवले, त्यातले सहा एकाच कारणानं. हे बरं हाये." मग उठता उठता म्हणाल्या, "प्रवेश बंद व्हायला वीस दिवस हायेत ना? आधी त्या सहा जणांचं करा. मंग माझा फॉर्म घ्या. त्यांचं झालं न्हाई तर माझं बी होणार न्हाई, हे मला कळलं पाहिजे."

एखाद्या विद्यार्थ्याने, तेही अजून प्रवेश न घेतलेल्या, मला असं काम लावावं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. पण मी त्या संध्याकाळी खालचा खण उघडला. पुढचे वीस दिवस मी चिडचिड केली, घरी बोललो, ग्रंथपालावर ओरडलो आणि काम केलं. एकेकाला बोलावून घेतलं. जुने आराखडे कालबाह्य झाले होते, ते नव्याने लिहवून घेतले आणि मार्गदर्शक म्हणून खाली माझं नाव टाकलं. पहिली सही करण्याआधी तो आराखडा कुठून उतरवलेला नाही ना, हे दोनदा तपासलं. पाच आराखडे विद्यापीठाकडे गेले आणि मंजूर झाले.

सहावा गेला नाही. साळवेंनी त्या वर्षी बाकीच्यांच्या एक सत्र आधी नाव घातलं होतं, त्यामुळे त्यांच्या नोंदणीची मुदत आदल्या सत्रातच संपली होती. विद्यापीठात फोन केले, पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. हे फोनवर सांगायची हिंमत होईना आणि न सांगणं शक्य नव्हतं. म्हणून मी एमआयडीसीच्या मागे त्यांच्या घरी गेलो. पहिली पाळी करून ते नुकतेच आले होते. वहिनींनी चहा ठेवला.

मी सगळं सांगितलं. मुदत संपली हे सांगितलं, आणि मी सही करू शकत होतो हेही सांगितलं.

"म्हंजे सगळे पेपर परत?" त्यांनी विचारलं.

"हो. नव्याने नाव घालावं लागेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "पाळी करून अभ्यास केलता, सर. झोप येऊ नये म्हणून उभ्यानं वाचायचो." मग म्हणाले, "न्हाई. आता न्हाई जमायचं. माझा तो आराखडा तेवढा देऊन टाका. हातानं लिहेल हाये."

आराखडा मी बरोबर आणलाच होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी मॅडम आल्या. पाच झाले, सहावा माझ्यामुळे बुडाला, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी साळवेंचं नाव वहीत शोधलं, त्यापुढे काहीतरी लिहिलं आणि फॉर्म पुढे केला.

अडीच वर्षं त्यांनी जी काढली ती मी जवळून बघितली. बियाणं बाहेर पडायच्या दिवसांतही जमेल तेव्हा केसांत धूळ घेऊन तासाला येत. एका पेपरला नापास झाल्या, तर मला येऊन सांगितलं, "माझं बी तपासून बघावं लागेल, कुठं अडलं ते," आणि पुढच्या वेळी तो काढला. प्रकल्प घेतला शेतकऱ्यांच्या तक्रारींवर: तक्रार दुकानात येते तिथून कंपनीच्या टेबलापर्यंत पोचायला किती दिवस लागतात आणि कुणाच्या खणात पडून राहते. विषय वाचून मी त्यांच्याकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कंपनीचंच हाये, सर. तुमचं न्हाई."

जुने मॅनेजर निवृत्त व्हायच्या महिनाभर आधी निकाल लागला. मुलाखतीला तिघे होते. इतर दोघांच्या पदव्या मोठ्या नावांच्या होत्या. मालकांच्या मुलाने मॅडमना विचारलं, "जालन्यातल्या इतक्या लहान केंद्रातून का केली?" त्यांनी बारा फोनांची गोष्ट सांगितली. सहा कुठे अडले ते कसं शोधलं, आणि आधी ते कसं दुरुस्त करून घेतलं, सगळं. पुढचा प्रश्न त्याने विचारलाच नाही, असं त्या म्हणाल्या. खुर्ची त्यांना मिळाली. त्या पेढे घेऊन केंद्रावर आल्या. माझ्याकडच्या इतक्या वर्षांच्या निकालांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्यानंतर प्रवेशाचा एकच हंगाम माझ्या वाट्याला होता. तीन महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो. त्या हंगामात एका दुपारी साळवे आले. अंगावर मिलचाच शर्ट होता. खुर्चीवर न बसता त्यांनी भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला. सही तेवढी केलेली नव्हती.

"खरात मॅडमचा फोन आल्ता," ते म्हणाले. "तसा वर्षातून दोनदा येतोच. दर वेळी एकच विचारतेत, कधी नाव घालताय. ह्या वेळी म्हणल्या, मी मॅनेजर झाले, आता तुम्ही सांगा."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी फॉर्म जवळ ओढला. "साळवे, मी तीन महिन्यांनी इथं नसणार."

"म्हणूनच आज आलो. अनुभव असला तर रिटायर माणूस बी गाइड होऊ शकतो, मी विचारून आलोय." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "आधी ते लिहून द्या. मंग मी सही करतो."

प्रवेशाच्या फॉर्मवर मार्गदर्शकाची जागा नसते. तो प्रश्न दोन वर्षांनी येतो. मी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, यांच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक मी आहे, मी निवृत्त असलो तरी. खाली पूर्ण नाव लिहिलं, घरचा पत्ता लिहिला आणि सही केली.

साळवेंनी ते सावकाश, एकेक शब्द वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि माझ्याकडे पेन मागितलं.